आजाऱ्याचे फळ

सफरचंद हे आमच्या घरी आजाऱ्याचे फळ होते. ऐंशीच्या दशकातल्या सांगलीत निरोगी माणसाने बाजारात जाऊन स्वतःसाठी सफरचंदे विकत घ्यावीत, अशी पद्धत निदान आमच्या गल्लीत तरी नव्हती. ती दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना न्यायची. कागदी पिशवीत चार सफरचंदे, चार मोसंबी आणि एक बिस्किटांचा पुडा, हा त्या काळचा ठरलेला आहेर. मला लहानपणी कावीळ झाली तेव्हा आई खाटेच्या कडेला बसून सफरचंदाची साल काढी, आणि ती लांबलचक साल न तुटता उतरावी म्हणून मी श्वास रोखून पाहत राही. फळ माझे असे. साल ताईला मिळे. आजारी पडण्याचा एवढा एकच फायदा आम्हा भावंडांना ठाऊक होता.

पुढे मराठी शिकवू लागल्यावर या शब्दाचा शोध घेण्याची हौस आली. 'सफरचंद' हा शब्द मी बरीच वर्षे 'चंद्रा'शी जोडत होतो. वस्तुतः त्याचे मूळ अरबी 'सफरजल' या शब्दात सांगितले जाते. गुजरातीतले 'सफरजन' त्या मुळाच्या अधिक जवळ राहिले आहे. गंमत अशी, की अरबीत 'सफरजल' म्हणजे सफरचंद नव्हेच. ते 'क्विन्स' नावाचे त्याचे एक भाऊबंद फळ. कठीण, तुरट, आणि बहुतेक ठिकाणी कच्चे खाणे अवघड. ते शिजवले की मऊ आणि गुलाबी होते, आणि सुगंध सोडते. म्हणजे आपल्या फळाचे नाव आले ते मुळी चुलीवर चढणाऱ्या फळाकडून, आणि आपण मात्र सफरचंद कधी चुलीकडे नेले नाही. चिरून, मीठ लावून किंवा न लावता, आजाऱ्याच्या हाती दिले.

हे सगळे मला सुचले ते 2022 च्या ऑक्टोबरात, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम परगण्यात, ताईच्या स्वयंपाकघरात. तिथे मी का गेलो, हे सांगितल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही.

आईला 19 वर्षे मधुमेह होता. वडील गेल्यानंतर ती माझ्याकडेच असे. तिचे औषध, तिचे पथ्य, तिची रक्ततपासणी हे सगळे माझ्या अखत्यारीत आले, आणि 'अखत्यारी' हा शब्द मी इथे जाणूनबुजून वापरतो आहे. आई चोरून गोड खाई. देवाच्या खडीसाखरेपासून नातीच्या चॉकलेटपर्यंत काहीही तिला वर्ज्य नव्हते. शेवटी मी साखरेचा डबा माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावले. घरी येणारे विद्यार्थी हसत, मीही हसे. 2022 च्या जानेवारीत तिच्या पायाला जखम झाली. ती भरेना. साखर आटोक्यात आल्याशिवाय जखम भरणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. 17 मार्चला होळी होती. पुरणाचा वास घरभर होता. आई म्हणाली, "एवढासा तुकडा दे." मी दिला नाही. ताईने फोनवरून सांगितले, "अरे, दे तिला. सणाचा दिवस आहे." मी म्हणालो, "तुला लांबून सांगायला काय जाते?" आईने ते ऐकले. नंतर तिने मागितले नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि पाडव्याच्या चार दिवस आधी ती गेली.

त्यानंतरचे सहा महिने ताई आणि मी फोनवर हवामानावर बोलत होतो.

त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. वर्ष सरायच्या आत फराळ करायचा नाही, आकाशकंदील लावायचा नाही, हा रिवाज. सुट्टी मात्र होती. सप्टेंबरात ताईने एकाच वाक्याचा निरोप धाडला : "इथेही दिवाळी नाही, तू ये." पत्नी म्हणाली, जा. मी गेलो.

वर्गात आपण 'ऑटम'चे भाषांतर बेधडक 'शरद' असे करतो. मीही वर्षानुवर्षे केले. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (1956) शिकवताना महिन्याला स्वतःचा चेहरा असतो असे मुलांना सांगणारा मी, पण हा चेहरा मी कधी ताडून पाहिला नव्हता. आपला शरद म्हणजे पावसाने धुतलेले आकाश, कोजागरीचे आटीव दूध आणि दुपारची ती असह्य ऑक्टोबरची ऊन्ह. आपल्याकडे पाने झडतात ती शिशिरात. तिथला ऋतू या दोहोंपैकी कशातच बसेना. झाडे पिवळी, तांबडी होऊन झडत होती, हवा ओली होती, आणि त्याच वेळी फळांचा अक्षरशः सडा पडला होता. आपल्या मनात पानगळ आणि रितेपण यांची जोडी पक्की असते. इथे पान गळत होते ते फळ पिकत असताना. 30 ऑक्टोबरच्या पहाटे घड्याळे एक तास मागे गेली आणि त्या दिवसापासून संध्याकाळ पाचच्याही आधी उतरू लागली. अशा ऋतूत माणसे भट्टीजवळ का जमतात, हे पुस्तकातून कळण्यासारखे नाही.

ताईच्या गल्लीत जवळपास प्रत्येक परसात एक सफरचंदाचे झाड. पडलेली फळे लोक टोपलीत भरून फाटकापाशी ठेवत आणि वर पाटी लावत : हवी तर न्या. मी पहिल्याच सकाळी तीन मोठी, हिरवी, वेडीवाकडी फळे उचलून आणली आणि एकाचा चावा घेतला. आंबटपणाने डोळ्यांत पाणी आले. ताई हसली. आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. "ती खायची नसतात," ती म्हणाली, "ती ब्रॅम्ली. ती शिजवायची."

ब्रॅम्लीची जन्मकथा तिच्या घरापासून फार दूर घडलेली नाही. 1809 साली साउथवेल या छोट्या गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने एक बी पेरली. पुढे ते घर दुसऱ्यांच्या हाती गेले. 1846 मध्ये मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने ते घेतले. 1856 मध्ये हेन्री मेरीवेदर हा तरुण रोपवाटिकावाला त्या झाडाच्या काड्या मागायला आला, तेव्हा ब्रॅम्लीने एकच अट घातली : फळाला माझे नाव द्या. बी लावणाऱ्या मुलीचे नाव फळाला मिळाले नाही. सफरचंद बियांतून जसेच्या तसे उगवत नाही. प्रत्येक बी नवीनच झाड काढते. त्यामुळे गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतले प्रत्येक ब्रॅम्ली हे त्या एकाच झाडाच्या कलमाचे कलम आहे. मूळ झाड विसाव्या शतकाच्या आरंभी वादळात आडवे झाले, आणि पडलेल्या अंगातून पुन्हा उगवले. आता त्याला मुळे कुजवणाऱ्या बुरशीने ग्रासले आहे.

हे फळ इतके आंबट का? त्यात मॅलिक आम्ल भरपूर, आणि साखर खाण्याच्या सफरचंदांपेक्षा कमी. हेच आम्ल शिजताना पेशींच्या भिंती विरघळवायला मदत करते, म्हणून ब्रॅम्ली भट्टीत गेले की काही मिनिटांत फुलून त्याचा हलका, पांढरा लगदा होतो. खाण्याची गोड सफरचंदे त्याच आचेवर आपला आकार धरून राहतात. म्हणजे जे चावता येत नाही तेच उत्तम शिजते. यावर एखादे सुभाषित रचण्याचा मोह मला झाला, तो मी आवरला. मराठीच्या प्राध्यापकाने काही मोह आवरावेत.

ताईने त्या दिवशी मला 'क्रंबल' करायला लावले. आमच्या लहानपणी भट्टी ही घराबाहेरची गोष्ट होती. दिवाळीपूर्वी आई मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांतून घेऊन बेकरीत जाई, आणि बेकरीवाला आमच्या नानकटाईचे पत्रे लांब दांड्याच्या फळीने भट्टीत सारी. तापलेल्या पत्र्यांचा तो वास अजून नाकात आहे. त्यामुळे घरातल्या भट्टीपुढे उभा राहताना मला उगाचच संकोच वाटत होता. तो एका क्षणात गेला. ताईने परातीत एक वाटी ओट्स, अर्धी वाटी कणीक आणि चिमूटभर मीठ घेतले, तीन चमचे थंड लोणी टाकले आणि म्हणाली, "चोळ." मी बोटांच्या टोकांनी चोळू लागलो आणि लक्षात आले की हे तर मोहन. करंजीच्या पिठाला आई घालायची तेच. आई मूठ वळवून पाहायची : मूठ वळली, की मोहन पुरेसे. मी मूठ वळवली. ताईनेही, न बोलता, तिची वळवली. "वळून लगेच सुटली पाहिजे," ती म्हणाली, "करंजीपेक्षा इथे थोडे कमी." आई आमच्यात अशी आली, कुणीही तिचे नाव न घेता.

बाकी कृती सोपी आहे आणि ती मी इथे देतो, कारण कृती न देता पदार्थावर लिहिणे हे कविता न वाचता समीक्षा करण्यासारखे आहे. चार आंबट सफरचंदांच्या फोडी कराव्यात. साल ठेवली तरी चालते. चोथा तिच्यातच जास्त असतो. फोडींना लिंबू चोळावे म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. त्यांत सहा-सात खजूर बारीक चिरून, अर्धा चमचा दालचिनीची पूड आणि दोन चमचे पाणी घालावे. वर ओट्स-कणकेचा चुरा, त्यात मूठभर अक्रोड. चुरा दाबू नये, नुसता पसरावा. दाबला तर त्याची भाकरी होते. 180 अंशांवर चाळीस-एक मिनिटे ठेवावे. कडेने रस बुडबुडू लागला आणि वरचा थर बदामी झाला, की झाले. याहून सोपे हवे असेल तर अख्खे सफरचंद घ्यावे, मधला गाभा कोरून काढावा, त्यात मनुका आणि अक्रोड भरावेत, आणि फळाच्या पोटाभोवती सुरीने सालीला एक वर्तुळाकार चीर द्यावी. ही चीर दिली नाही, तर आतली वाफ कोंडून फळ फुटते. पहिल्या दिवशी मी ती द्यायला विसरलो आणि भट्टीची काच पुसण्यात संध्याकाळ गेली.

या पदार्थांना 'पौष्टिक' म्हणताना थोडा प्रामाणिकपणा पाळायला हवा. साखर घातली नाही म्हणजे साखर नाही, असे नव्हे. मध्यम सफरचंदात पंधरा ग्रॅमांच्या पुढे साखर असते. मनुकांचे तर निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच. भट्टीत साखर वाढत नाही, फक्त पाणी उडते आणि गोडी एकवटते. ओट्सचा चोथा आणि अक्रोडातली स्निग्धता यांमुळे ती गोडी रक्तात जरा सावकाश उतरते, एवढाच लाभ. मधुमेह्याला हे वाटीभर देता येणार नाही. पण चार चमचे देता येतील. त्या वाक्यापाशी मी त्या रात्री अडकलो. चार चमचे देता आले असते. 19 वर्षांत मला 'नाही' म्हणण्याचे शंभर मार्ग सापडले; 'थोडेसे' म्हणण्याचा एक शिकण्याची फुरसत झाली नाही.

शेजारी 84 वर्षांच्या एक आजी राहत. त्यांच्याच परसातली ती फळे. ताईने बशीभर क्रंबल त्यांना नेऊन दिले, सोबत मीही गेलो. त्या 1938 च्या. युद्धकाळात, म्हणजे 1940 च्या जानेवारीत, साखरेवर शिधावाटप आले ते 1953 च्या सप्टेंबरात उठले. त्यांचे अवघे बालपण त्यात गेले. माणशी आठवड्याला साधारण आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. परसातल्या सफरचंदांना मात्र शिधापत्रिका लागत नसे. त्यांची आई प्रत्येकाच्या नावाची एकेक बरणी फळीवर ठेवी. आजी सांगत होत्या, "बाबा रविवारी आपल्या बरणीतले दोन चमचे आमच्या ताटलीत घालायचे. आम्हाला बाबा देवासारखे वाटत. आईने कधी जास्तीचा एक दाणा दिला नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण आठवडा पुरायचा तो तिच्यामुळे. हे कळायला मला स्वतःची मुले व्हावी लागली."

ताई ते ऐकत होती. घरी परतताना, ओल्या पानांवरून चालता चालता, ती एकदम म्हणाली, "मी 'दे' म्हणाले, कारण मला त्याची किंमत मोजायची नव्हती. जखम मी धूत नव्हते."

मी म्हणालो, "आणि मी दिला नाही, तो केवळ जखमेसाठी नाही. तू सांगितलेस म्हणूनही दिला नाही."

हे मी तोपर्यंत स्वतःलाही सांगितलेले नव्हते. ती थांबली. मला वाटले होते, ती रागावेल किंवा रडेल. तिने नुसती मान हलवली आणि म्हणाली, "ते मला तेव्हाच कळले होते." मग आम्ही पुढे चालू लागलो. त्या संभाषणाने काही मिटले असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर आम्ही हवामानावर बोललो नाही.

इंग्रजी न शिकवणाऱ्या माणसालाही त्या ऋतूत कीट्स आठवतोच. शरदावरची त्याची प्रसिद्ध कविता 19 सप्टेंबर 1819 रोजी विंचेस्टरमध्ये लिहिली गेली. तो तेव्हा 23 वर्षांचा होता. औषधोपचाराचे शिक्षण घेतलेल्या या कवीने आपला धाकटा भाऊ टॉम याची क्षयात शुश्रूषा केली होती, आणि 1818 च्या डिसेंबरात टॉम गेला होता. कवितेत टॉम कुठेही नाही. पिकलेली फळे आहेत. समीक्षक या नात्याने मी पूर्वी याला 'तटस्थता' म्हटले असते. आता म्हणवत नाही. शुश्रूषा करणाऱ्याच्या हाती शेवटी काही तरी उरते, आणि ते कुठे तरी ठेवावे लागते, एवढेच मला समजते.

सांगलीत परतल्यावर मी एक छोटी विजेची भट्टी घेतली. आपल्याकडे ब्रॅम्ली मिळत नाही. हिमाचल आणि काश्मीरची तांबडी सफरचंदे गोड असतात, कमी आंबट असतात आणि शिजूनही फोडी धरून राहतात. त्यांना लिंबू सढळ लागते आणि खजूर निम्मे पुरतात. आश्विनात आपल्याकडे येणारे पेरू मी एकदा याच रीतीने भाजले. बिया कडक राहिल्या, पण वास असा सुटला की शेजारी विचारायला आले. सीताफळाच्या वाटेला मात्र जाऊ नये. आचेवर त्याचा गर कडवट होतो. 2024 मध्ये माझ्या स्वतःच्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.1 आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असे डॉक्टरांनी त्याचे भाषांतर केले. आता मुलगी माझ्या वाटीकडे लक्ष ठेवते. परवा मी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो, तर म्हणाली, "बाबा, चार चमचे." मी चारच घेतले. तिचा आवाज माझ्यासारखा कठोर नव्हता. निदान मला तरी तसे वाटले.

पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप मी काढून टाकले आहे. साखरेचा डबा स्वयंपाकघरात, पूर्वीच्या जागी असतो.

दर वर्षी पितृपक्षात आईचे पान वाढतो. बाजारात नवी सफरचंदे येतात तीही याच सुमारास. पानात वरण-भात, खीर, वडे, आणि रिवाजात असो वा नसो, एक अख्खी पुरणपोळी असते, वर तुपाची धार. तो तुकडा आता मी न मागता देतो, आणि आता तो देण्यात माझे काहीच जात नाही, हेही मला ठाऊक आहे. भट्टीतले सफरचंद मी त्या पानात कधी ठेवत नाही. ते आजाऱ्याचे फळ. ते आमच्यासाठी.